१४ आणि ७ : न जुळणारा हिशेब

ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांतून एकदा लोकांच्या लैंगिक वर्तनाची देशव्यापी पाहणी होते. 'नॅटसल' हे तिचं नाव. २०१०-१२ मधल्या तिसऱ्या फेरीत १६ ते ७४ वयाच्या १५,१६२ स्त्री-पुरुषांना बरंच काही विचारलं गेलं. त्यातला एक प्रश्न असा: आजवरच्या आयुष्यात भिन्नलिंगी अशा किती जणांशी तुमचे शरीरसंबंध आले? पुरुषांची सरासरी निघाली १४, बायकांची ७.

"असणारच की," म्हणून बहुतेक जण पान उलटतात. पण जरा वही-पेन्सिल घ्या. एका बाजूला दहा पुरुष काढा, दुसऱ्या बाजूला दहा बायका. ज्यांचे संबंध आले त्यांच्यात रेघ मारा. प्रत्येक रेघेचं एक टोक पुरुषाकडे असणार, दुसरं बाईकडे. रेघा दहा मारा नाहीतर पन्नास, दोन्हीकडची टोकं सारखीच भरणार. एखाद्या बाईकडे खूप रेघा आणि बाकीच्यांकडे एकेक, असं होऊ शकतं. त्याने मध्यक (सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं केलं तर मधोमध येणारा आकडा) बदलेल, सरासरी हलणार नाही. दोन्हीकडची माणसं जवळपास सारखी असलेल्या देशात १४ आणि ७ हा हिशेब बसतच नाही. कोणीतरी जास्त सांगतंय, कोणीतरी कमी सांगतंय, किंवा दोन्ही.

लैंगिक वर्तनाच्या संशोधनातली खरी मेख इथे आहे. पक्ष्यांचा अभ्यास करणारा दुर्बीण घेऊन झाडाखाली बसतो. माणसांच्या बाबतीत ती सोय नाही. संशोधकाच्या हाती लागतं ते लोकांचं वागणं नव्हे, लोकांचं सांगणं. आणि हे सांगणं कोण विचारतंय, कसं विचारतंय, दार उघडं आहे की बंद, यावर बदलतं. या शास्त्रातली बरीचशी हुशारी त्या सांगण्यातून वागणं गाळून काढण्यात खर्ची पडली आहे. मला तरी निष्कर्षांपेक्षा या युक्त्याच जास्त रंजक वाटतात.

२००३ साली मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या २०१ मुलामुलींना तीन गटांत विभागलं. पहिल्या गटाने प्रश्नावली भरली ती दार उघडं ठेवून. बाहेर एक जण बसलेला, आणि भरलेला कागद त्याच्याच हातात द्यायचा. दुसऱ्या गटाला बंद खोलीत एकटं बसवलं, कागद कुलूपबंद पेटीत टाकायचा. तिसऱ्या गटाच्या हातांना आणि मानेला तारा चिकटवल्या आणि सांगितलं, हे खोटं पकडणारं यंत्र आहे. प्रत्यक्षात ते यंत्र काहीच पकडत नव्हतं.

जोडीदारांच्या संख्येत मुलींची सरासरी पहिल्या गटात २.६ आली, दुसऱ्यात ३.४ आणि तारा लावलेल्या गटात ४.४. मुलांची अनुक्रमे ३.७, ४.२ आणि ४.०. म्हणजे उघड्या दारासमोर मुलं पुढे होती, आणि बंद पडलेल्या यंत्रासमोर ती आघाडी पार मावळली. आपण धरून चालतो की पुरुष फुगवून सांगतात. इथे मुलं जवळपास जागच्या जागी राहिली, सरकल्या त्या मुली. मुलीची बदनामी किती स्वस्तात होते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे आकडा आपोआप खाली येतो. २०१ हा काही मोठा नमुना नाही, तेव्हा ४.४ आणि ४.० यांतल्या फरकावर इमले बांधण्यात अर्थ नाही. पण चढती पायरी मात्र लख्ख दिसते.

यावरून मुलगे सगळं खरं सांगतात असं मात्र समजू नका. १९९५ साली अमेरिकेत १५ ते १९ वर्षांच्या मुलांची एक पाहणी झाली. काहींना छापील प्रश्नावली दिली, ती त्यांनी स्वतःच भरायची. बाकीच्यांना हेडफोन लावून दिले. प्रश्न कानात ऐकू येणार, उत्तर संगणकाच्या बटणावर. शेजारी बसलेल्या माणसालाही प्रश्न कोणता चाललाय ते कळणार नाही. दुसऱ्या पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी कबूल केलं, हेडफोनवर ५.५ टक्के मुलांनी. वय तेच, प्रश्न तोच, आणि उत्तर साडेतीन पटीहून जास्त! तेव्हापासून चांगल्या पाहण्यांमध्ये नाजूक प्रश्न आले की मुलाखत घेणारा संगणकाचा पडदा समोरच्याकडे वळवतो आणि स्वतः दुसरीकडे बघतो.

कधीकधी तर सांगण्याची गरजच पडत नाही, शरीर साक्ष देतं. झिम्बाब्वेत संशोधकांनी स्त्रियांच्या योनीतला स्राव तपासला. वीर्यात असणारं पीएसए नावाचं प्रथिन त्यात सापडलं, तर गेल्या दोनेक दिवसांत वीर्याशी संपर्क आला असं धरता येतं. १९६ जणींमध्ये ते सापडलं. त्यातल्या जवळपास निम्म्या जणींनी मुलाखतीत सांगितलं होतं की दोन दिवसांत संबंध आलेलाच नाही, किंवा आला तो कंडोम वापरूनच. कंडोम फाटतो, निसटतो, हे मान्य. सगळ्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. पण एचआयव्ही रोखण्याचा एखादा उपाय चालतो की नाही हे 'कंडोम वापरला का' या एका प्रश्नावर ठरवत असाल, तर उपाय निकामी की उत्तर निकामी, हे कळणार कसं?

आता १४ आणि ७ कडे परत येऊ. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली नॅटसलचीच माहिती पुन्हा चाळली. तीन गोष्टी निघाल्या. पहिली, टोकाची उत्तरं. सर्वाधिक सांगणाऱ्या एक टक्का पुरुषांनी ११० किंवा त्याहून जास्त जोडीदार सांगितले होते, तशा एक टक्का बायकांनी ५० किंवा जास्त. हे शेंडे छाटल्यावर सात जोडीदारांचा फरक साडेपाचावर आला. दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली: मोजण्याची पद्धत. बायका बहुधा एकेक आठवून मोजतात, पुरुष जास्त करून अंदाजाने सांगतात. 'असतील वीसेक' म्हणणारा माणूस पंधरावर थांबत नाही, वीसवर थांबतो. हे हिशेबात धरल्यावर फरक ३.२ उरला. तिसरी गोष्ट म्हणजे लग्नाबाहेरच्या आणि एका रात्रीपुरत्या संबंधांबद्दलची मतं. ज्यांना ते गैर वाटतं ते कमी सांगतात, आणि बायकांमध्ये गैर मानणाऱ्या जास्त. तेही धरल्यावर फरक राहिला २.६. म्हणजे जिथे आपण सरळ 'खोटं बोलतात' म्हणून मोकळे होतो, तिथे निम्म्याहून जास्त दोष शेंड्यांचा, गोल आकड्यांचा आणि संकोचाचा निघाला.

हा एवढा काटेकोरपणा सुरुवातीला नव्हता. या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव अल्फ्रेड किन्सी. इंडियाना विद्यापीठात तो प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होता आणि झाडांवर गाठी आणणाऱ्या गांधीलमाश्या गोळा करण्यात त्याने कित्येक वर्षं घालवली होती. १९३८ साली विद्यापीठात विवाहाबद्दलच्या वर्गाची जबाबदारी त्याच्याकडे आली. विद्यार्थ्यांच्या साध्या साध्या प्रश्नांना शास्त्राकडे उत्तरच नाही असं त्याच्या लक्षात आलं. मग माश्या गोळा करणारा माणूस लोकांच्या कहाण्या गोळा करायला लागला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मिळून सुमारे १८ हजार मुलाखती घेतल्या. पुरुषांवरचं पुस्तक १९४८ साली आलं, स्त्रियांवरचं १९५३ साली.

किन्सीची विचारण्याची हातोटी आजही शिकण्यासारखी आहे. 'तुम्ही कधी हस्तमैथुन केलं आहे का?' असं तो विचारायचाच नाही. तो विचारायचा, 'पहिल्यांदा केलं तेव्हा वय किती होतं?' केलं आहे हे गृहीतच धरलेलं. ज्याने केलेलं नाही तो तसं सांगेल. पण ज्याने केलं आहे त्याला कबुली देण्याचं ओझं राहत नाही, फक्त वय आठवायचं उरतं. उत्तरं तो खुणांच्या सांकेतिक भाषेत एका कागदावर टिपायचा. त्या खुणांची किल्ली कुठेही लिहून ठेवलेली नव्हती, ती फक्त मुलाखत घेणाऱ्यांना पाठ.

विचारण्यात तो तरबेज होता, पण कोणाला विचारायचं इथे गडबडला. जे बोलायला तयार होते त्यांनाच त्याने विचारलं: विद्यार्थी, ओळखीतून आलेले लोक, तुरुंगातले कैदी. १९५४ साली कॉक्रन, मॉस्टेलर आणि टुकी या तीन संख्याशास्त्रज्ञांनी त्याच्या कामाची सविस्तर चिरफाड केली. किन्सीने निवडलेल्या तीनशे जणांपेक्षा चिठ्ठी टाकून निवडलेले तीन जण परवडले, असं टुकी म्हणाल्याचं सांगतात. कारण उघड आहे. स्वतःच्या लैंगिक आयुष्याबद्दल अनोळखी माणसाशी तासभर बोलायला जो आपणहून येतो, तो चारचौघांसारखा असेलच असं नाही. १६ ते ५५ या वयात निदान तीन वर्षं जवळपास पूर्णपणे समलैंगिक राहिलेल्या पुरुषांचा '१० टक्के' हा आकडा किन्सीचाच. पुढे त्यातली वयाची आणि तीन वर्षांची अट गळून पडली आणि नुसते दहा टक्के जगभर फिरत राहिले.

चिठ्ठ्या टाकून नीट पाहणी करायला मग एवढी वर्षं का लागली? पैसे देणारे घाबरत होते. एड्सच्या साथीमुळे १९८०च्या दशकात सरकारांना ही माहिती तातडीने हवी होती, आणि तरीही १९८९ साली ब्रिटनच्या थॅचर सरकारने पहिल्या नॅटसलला पैसे नाकारले. वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या वेलकम ट्रस्ट या संस्थेने ते दिले म्हणून १९९०-९१ मध्ये सुमारे १९ हजार लोकांची पाहणी होऊ शकली. अमेरिकेतही सरकारी पैसा राजकीय विरोधामुळे अडला. तिथे १९९२ साली खासगी मदतीवर ३,४३२ जणांची पाहणी झाली. त्यात स्वतःला समलैंगिक किंवा उभयलैंगिक म्हणवणारे पुरुष २.८ टक्के निघाले. या आकड्यातही लाजेचा वाटा असणारच. हेडफोनचा किस्सा वर सांगितला आहेच.

काही बाबतीत मात्र विचारण्याऐवजी सरळ मोजता येतं, आणि मोजलं की बरीच भुतं उतरतात. शीघ्रपतनाची तक्रार घेऊन येणाऱ्याला नेमकं किती वेळ म्हणजे 'लवकर' हे सांगायला डॉक्टरांकडेच पूर्वी मोजपट्टी नव्हती. २००५ साली नेदरलँड्सच्या मार्सेल वाल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच दिलं. घड्याळ बाईच्या हातात. प्रवेश झाला की चालू, वीर्यपतन झालं की बंद. हा उद्योग चार आठवडे, स्वतःच्या घरी. पलंगावर घड्याळाचं बटण दाबण्यात रसभंग किती झाला असेल ते जाऊ द्या. मध्यक आला ५.४ मिनिटं. सगळ्यात कमी सुमारे ३३ सेकंद, सगळ्यात जास्त ४४ मिनिटं. कंडोमने फरक पडला नाही. वय वाढलं तसा वेळ कमी झाला. रात्रभराच्या गप्पा मारणाऱ्यांना हा आकडा फारच मामुली वाटेल, पण निम्मी माणसं त्याच्याही खालीच असतात.

लांबीचंही तेच. स्वतः मोजून सांगितलेल्या लांबीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात फक्त डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी मोजलेले आकडे घेतले. एकूण १५,५२१ पुरुष. शिश्न शिथिल असताना सरासरी ९.१६ सेंटिमीटर, ताठ असताना १३.१२. ताठ अवस्थेतली मोजमापं खूपच कमी जणांची होती, कारण दवाखान्यात, टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसासमोर ते सगळ्यांना जमत नाही. पडद्यावर जे दिसतं ते निवडून घेतलेलं असतं, आणि त्याच्याशी तुलना करून खचलेले तरुण डॉक्टरांकडे येत राहतात.

प्रयोगशाळेत शरीर मोजण्याची सुरुवात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९५७ पासून सेंट लुईसमध्ये केली. ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांचं उत्तेजन त्यांनी तारा, कॅमेरे लावून टिपलं आणि १९६६ साली मांडलं. पण पुढच्या पिढीने एक वेगळीच गाठ सोडवली. जननेंद्रियांकडे वाढणारा रक्तपुरवठा यंत्राने मोजता येतो, आणि त्याच वेळी माणसाला विचारता येतं की तुला उत्तेजित वाटतंय का. दोन्ही उत्तरं जुळतात का? मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अशा शंभराहून जास्त प्रयोगांची बेरीज केली. पुरुषांमध्ये सहसंबंध ०.६६, स्त्रियांमध्ये ०.२६. पूर्ण जुळलं असतं तर १ आला असता, काहीच जुळलं नसतं तर ०.

काही जण यावरून 'बाई नाही म्हणते पण शरीर हो म्हणतं' असला निष्कर्ष काढतात. तो चूक आहे, आणि घातकही. ओलसरपणा ही बरीचशी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तोंडाला पाणी सुटावं तशी. इच्छा मनात असते, होकार तोंडाने द्यायचा असतो. बलात्कार झालेल्या स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या शरीराने प्रतिसाद दिला असेल, तर त्याचा संमतीशी काडीचा संबंध नाही. हे न्यायालयातल्या वकिलांपासून स्वतःला दोष देत बसलेल्या पीडितांपर्यंत सगळ्यांनी ऐकायला हवं. उलटही खरं: खूप इच्छा असूनही योनी कोरडी राहू शकते. तेव्हा ते प्रेम आटल्याचं लक्षण मानण्याआधी वंगण वापरून बघावं.

आणि काही गोष्टी कोणी विचारल्याही नाहीत, मोजल्याही नाहीत. क्लिटोरिसची (स्त्रीच्या लैंगिक सुखाच्या मुख्य अवयवाची) आतली पूर्ण रचना, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या टोकामागे योनीला आणि मूत्रमार्गाला बिलगून पसरलेला मोठा भाग, हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद बाईंनी आधुनिक वैद्यकासमोर नीट मांडली ती १९९८ साली. तोवर माणूस चंद्रावर जाऊन तीस वर्षं होत आली होती. त्यात ८ हजार मज्जातंतू असतात हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा तर गायींवरच्या अभ्यासातून आलेला. माणसाचे तंतू प्रत्यक्ष मोजले गेले २०२२ साली, आणि ते १० हजारांहून जास्त भरले.

आरोग्याच्या बाबतीत या सगळ्याचा उपयोग कुठे होतो, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे 'पार्टनर' हा युरोपातला अभ्यास. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, तो रोज गोळ्या घेतो, आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेला आहे. कंडोम न वापरता दुसऱ्याला लागण होते का? दुसऱ्या टप्प्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांमध्ये ७६ हजारांवर असे संबंध नोंदले गेले. या काळात १५ जणांना नव्याने एचआयव्ही झाला. संशोधकांनी त्या पंधरा विषाणूंची जनुकीय कुंडली मांडून जोडीदाराच्या विषाणूशी ताडून पाहिली. एकही जुळली नाही. लागण बाहेरून आली होती. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण: शून्य. कोणाच्या इमानदारीवर विसंबायची वेळच आली नाही, विषाणूनेच पत्ता सांगितला. (गोळ्यांनी एचआयव्ही रोखला जातो, गनोरिया, सिफिलिस किंवा क्लॅमिडिया नाही. आणि क्लॅमिडिया बहुतेक बायकांमध्ये काहीही लक्षण न दाखवता गर्भनलिकांची नासाडी करू शकतो, म्हणून धोका असेल तर तपासणी हाच उपाय.)

पण दवाखान्यातल्या रोजच्या कामात जनुकीय कुंडली नसते, तिथे पुन्हा प्रश्नच असतो. "लग्न झालंय का?" हा प्रश्न विचारून डॉक्टर संबंधांबद्दल विचारल्याचं समाधान मानतात. लग्न झालेल्याचे बाहेर संबंध असू शकतात, न झालेल्याचे असू शकतात, पुरुषाचे पुरुषाशी असू शकतात. "तुमचे संबंध पुरुषांशी असतात, स्त्रियांशी की दोघांशी?" हे एकदा सरळ, मान वर करून विचारलं की समोरच्याला कोणती चाचणी लागेल ते ठरवता येतं.

ताठरतेच्या तक्रारीत तर प्रश्न चुकला की माणूस जाऊ शकतो. शिश्नाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे साचत असला तर बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरता कमी होणं हे कित्येकदा छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसतं. अशा माणसाने दुकानातून परस्पर सिल्डेनाफिलची (व्हायग्रातलं औषध) गोळी घेतली तर काम भागतं आणि इशारा दबतो. तो हृदयविकारासाठी नायट्रेट घेत असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक उतरू शकतो.

पन्नाशीचा, मधुमेह असलेला गृहस्थ समोर बसलाय. डॉक्टर लिहिता लिहिता विचारतात, "बाकी काही त्रास नाही ना?" या 'ना'मध्येच उत्तर भरून दिलेलं असतं. "नाही," तो म्हणतो आणि उठतो. त्याच माणसाला पेन खाली ठेवून म्हटलं, "साखर असलेल्या बऱ्याच पुरुषांना काही वर्षांनी ताठरता कमी झाल्यासारखी वाटते. तुम्हाला कधीपासून जाणवतंय?" तर तो एकदा दाराकडे बघतो, खुर्ची जरा पुढे ओढतो. "झालं असेल वर्षभर." मग डॉक्टर रक्तदाबाचा पट्टा बांधतात, कोलेस्टेरॉलची तपासणी लिहितात आणि विचारतात, जिना चढताना दम लागतो का.